ग्रीस, मे २०२७: सासूबाईंच्या मनातलं अथेन्स कसं बसवावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रीसला जायचं ठरतंय. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. साताऱ्यात हायस्कूलला इतिहास शिकवायच्या. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर छान चालतात, पायऱ्या उतरताना मात्र हात धरावा लागतो. शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही.

टूर कंपनीने कार्यक्रम पाठवलाय: दोन रात्री अथेन्स, तीन मिकोनोस, तीन सँटोरिनी. अथेन्समध्ये ॲक्रोपोलिसला (टेकडीवरची प्राचीन मंदिरं) दीड तास, बाकी शहर बसमधून. सासूबाईंनी तो कागद नीट वाचला, घडी घालून ठेवला, आणि रात्री जेवताना एवढंच विचारलं, "यात डेल्फी नाही का गं?" (डेल्फी म्हणजे अपोलो देवाचं प्राचीन देवस्थान.)

तेव्हापासून तो कार्यक्रम मनातून उतरलाय. आपलं आपण ठरवून जाणं झेपेल का? लेकीला आणि तिच्या बाबांना निळ्या घुमटांचं बेट, म्हणजे सँटोरिनी, बघायचंच आहे. शाळा एप्रिलमध्येच संपते आणि २८ एप्रिलची विमानाची तिकिटं स्वस्त दिसताहेत, ती काढून टाकू का? खाण्याचं काय? आणि व्हिसाच्या कामाला कधी लागायचं?

पिंपळपार

व्हिसापुरतं सांगते. अर्ज प्रवासाच्या तारखेआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण सुट्टीच्या मोसमात अपॉइंटमेंट मिळणं हेच खरं काम असतं, म्हणून जानेवारीतच हालचाल करा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. लेकीला बारा पूर्ण होण्याआधी अर्ज गेला तर निम्म्यात होईल. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन विम्याच्या अर्जात स्वच्छ लिहा, लपवू नका. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत.

दर्यावर्दी_अलिबाग

ताई, मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो. बरीच वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर काढली. अथेन्सच्या पिरियस बंदरात आणि शेजारी पेरामाच्या दुरुस्ती धक्क्यांवर जहाज लागलं की आठवडेच्या आठवडे मुक्काम असायचा. निवृत्त झाल्यावर सौ.ना घेऊन मुद्दाम परत गेलो. तुमच्या सासूबाईंचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तो कार्यक्रम घेऊ नका. आठ रात्रींत दोनदा मुक्काम बदलायचा, तोही बोटीने, आणि दोन्ही बेटं गुडघ्याची परीक्षा बघणारी. सँटोरिनी सुंदर आहे, त्यात वादच नाही. पण फिरा आणि इया ही गावं ज्वालामुखीच्या कड्यावर बांधलेली आहेत. रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या, खोलीपासून नाश्त्याच्या गच्चीपर्यंत पुन्हा पायऱ्या. क्रूझ जहाजांची गर्दी एवढी वाढली की २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवासी अशी मर्यादा घालावी लागली. मिकोनोसला पैसा जातो तो रात्रीच्या मौजेसाठी. तुमच्या घरातल्या कोणालाच ती नकोय.

आता तारखा. २८ एप्रिलची तिकिटं काढू नका. ऑर्थोडॉक्स ईस्टर २०२७ मध्ये २ मे ला येतोय आणि ग्रीकांचा तो वर्षातला सगळ्यांत मोठा सण. आधीच्या दोन-तीन दिवसांत अथेन्स रिकामं होतं. गणपतीत कोकणच्या गाड्यांची जी गत होते तीच तेव्हा पिरियसच्या बोटींची असते. शनिवारी १ मे, रविवारी ईस्टर, दोन्ही दिवस ॲक्रोपोलिस बंद. सोमवारीही सुट्टीच. ५ मे नंतर पोचा. हवा उत्तम असते आणि जुलै-ऑगस्टचा उकाडा नसतो. त्या उकाड्यात अलीकडे ॲक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलंय.

अथेन्सला चार-पाच रात्री तरी द्या. राहायला कूकाकी भाग बघा, ॲक्रोपोली मेट्रो स्टेशनच्या जवळ. विमानतळावरून मेट्रोने सिंताग्मा, तिथे गाडी बदलून पुढचंच स्टेशन. संध्याकाळी ॲक्रोपोलिसच्या पायथ्याच्या रुंद रस्त्यावर वाहनं नसतात, सासूबाई तिथे हव्या तेवढ्या चालतील.

ॲक्रोपोलिसचं तिकीट आता ३० युरो आहे आणि त्यावर वेळ छापलेली असते. सरकारी संकेतस्थळावरून सकाळी आठचं काढा. वरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालाय, रबरी तळव्याचे बूट हवेतच. मुख्य म्हणजे, उत्तरेच्या कड्याला चालण्याची अडचण असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे. २०२० च्या डिसेंबरात नवी बसवली, वर काँक्रीटच्या वाटाही केल्या. आधी ईमेल करून गुडघ्याचं कळवा आणि डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा. वारा फार असला तर लिफ्ट बंद राहू शकते, म्हणून ॲक्रोपोलिस शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

ॲक्रोपोलिसचं संग्रहालय त्याच दिवशी उरकू नका, वेगळी सकाळ द्या. वरच्या मजल्याचं दालन ॲक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन मंदिराच्याच दिशेला आणि त्याच मापाने बांधलंय. काचेतून खुद्द मंदिर समोर दिसतं. शिल्पपट्टीतले अस्सल तुकडे मधाच्या रंगाचे, आणि जे लंडनला गेले त्यांच्या जागी पांढरे साचे. इतिहासाच्या शिक्षिकेला त्या भिंतीसमोर कोणी घाई करू नये.

लेकीसाठी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा जन्म गिअरबॉक्स उघडण्यात गेला. अँटिकिथेरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना बुडालेलं जहाज सापडलं. १९०१ मध्ये त्यातून ब्राँझचा एक गंजलेला गोळा वर आला. आत दातेरी चाकं! तीस चाकं आजही शिल्लक आहेत. सूर्य-चंद्राची गती आणि ग्रहणं काढायचं हे यंत्र दोन हजार वर्षांहून जुनं. दातांची संख्या मोजूनच अभ्यासकांनी त्यातलं गणित उलगडलं. मी त्या काचेसमोरून हलेना, शेवटी सौ. बाहेर जाऊन बसल्या. लेकीला आधी घरी चक्राला चक्र कसं फिरवतं ते दाखवा, मग तिथे न्या.

डेल्फी अथेन्सपासून सुमारे १८० किलोमीटर, बसने तीन तास. एका दिवसात जाऊन येतात लोक, पण सासूबाईंसाठी तिथे एक रात्र राहा. अवशेष डोंगराच्या उतारावर आहेत. अथेन्सकरांच्या कोषागारापर्यंत आणि जमलं तर अपोलोच्या मंदिरापर्यंत हळूहळू जा, वरच्या स्टेडियमचा हट्ट नको. जवळच संग्रहालय आहे, तिथला ब्राँझचा सारथी बघा. त्याच्या डोळ्यांत जडवलेलं काम अजून शाबूत आहे. सकाळी पर्यटकांच्या बसगाड्या यायच्या आत तुम्ही आत असाल, हा मुक्कामाचा खरा फायदा.

बेट एकच घ्या: नॅक्सोस. पिरियसहून मोठ्या बोटीने साडेपाच तासांच्या आसपास. वेगवान कॅटामरान (जोडसांगाड्याची बोट) लवकर पोचते, पण लाटेवर जास्त आपटते आणि वारा वाढला की आधी तीच रद्द होते. मोठी बोट घ्या. नॅक्सोसचं मुख्य गाव बंदरालाच लागून आहे. अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या मंदिराचा संगमरवरी दरवाजा समुद्राकडे तोंड करून एकटा उभा आहे, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. सेंट जॉर्जची पुळण गावातून चालत गाठता येते आणि तिथे पाणी उथळ आहे. मेमध्ये पाणी गारच असतं, तरी लेक उतरेलच. बेटावर शेती आहे, बटाटा तर साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेला. सँटोरिनीला बाप-लेकीला नॅक्सोसहून एक दिवस पाठवा, बोटीने दोन तासांच्या आत. त्या दिवशी तुम्ही आणि सासूबाई सांग्रीला डिमिटर देवीचं मंदिर बघा, टॅक्सी अगदी जवळपर्यंत जाते.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी अथेन्सला येऊन राहा. वारा ८ बोफर्टला (वाऱ्याच्या जोराचं माप) गेला की बंदर अधिकारी बोटी सोडत नाहीत. मेमध्ये हे क्वचित घडतं. मेल्तेमी हा उत्तरेचा वारा मुख्यतः जुलै-ऑगस्टमधला. तरी समुद्रावर भरवसा ठेवून विमान पकडू नये.

तिळगूळ

काकांनी सगळं लिहिलंय, मी खाण्याचं सांगते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अथेन्सला राहत होतो आणि घरी आम्हीही मांस खात नाही.

ग्रीस शाकाहाऱ्यांना चांगला सांभाळतो, कारण त्यांचेही उपास खूप. उपासाच्या पदार्थांना "निस्तिसिमो" म्हणतात, त्यात मांस, अंडं, दूध काहीच नसतं. पण शिंपले, कोळंबी, ऑक्टोपस त्यांच्या उपासाला चालतात! म्हणून नुसतं निस्तिसिमो म्हणून थांबू नका, समुद्रातलंही काही नको हे स्पष्ट सांगा.

खानावळीत "लादेरा" विचारा, म्हणजे ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या भाज्या. टोमॅटोतल्या फरसबीला फासोलाकिया म्हणतात, मोठ्या पांढऱ्या वालांना गिगांतेस. ब्रियाम म्हणजे वांगी, बटाटे, दुधी-जातीची भाजी एकत्र भाजलेली. "फावा" मिळाली तर सोडू नका. पिवळ्या डाळीचा घट्ट गोळा, वर कच्चा कांदा, लिंबू आणि तेल. सासूबाईंना ती नक्की आवडेल. भरलेले टोमॅटो-मिरच्या (गेमिस्ता) कधी नुसत्या भाताचे, कधी खिम्याचे असतात, दर वेळी विचारा. पालकाच्या पायमध्ये बहुतेक वेळा अंडं असतं. चीजमध्ये साधारणपणे जनावराच्या पोटातून काढलेलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं, फेटासुद्धा त्यातच आलं. सासूबाईंना ते चालणार नसेल तर आधीच ठरवा.

दुपारचं जेवण तिथे दोननंतर आणि रात्रीचं नऊच्या पुढे. तुम्ही सातला गेलात तर खानावळ रिकामी असेल, पण जेवण मिळतं. अथेन्समध्ये नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बेटावर बाटलीचं घ्या. आणि स्वच्छतागृहात कागद भांड्यात टाकू नका, शेजारच्या डब्यात टाका. पाइप अरुंद असतात.

कृष्णाकाठ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! काका, तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. डेल्फीच्या मुक्कामापाशी त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. नंतर म्हणाल्या, "कार्ल्याच्या चैत्यात मी मुलांना यवनांनी दिलेले खांब दाखवायचे. यवन म्हणजे नक्की ग्रीकच का, यावर पंडितांचं एकमत नाही, तेही सांगायचे. आता त्या बाजूचं घर बघू दे."

तारखा ६ मे पासून पुढे केल्या. टूर कंपनीला नकार कळवला. सँटोरिनीचं बाप-लेकीलाही पटलंय. दोन शंका उरल्या: बोटीची तिकिटं आत्ताच काढू का? आणि अथेन्समध्ये एक दुपार मोकळी राहतेय, तेव्हा काय बघू?

दर्यावर्दी_अलिबाग

बोटीचं आत्ता नको. उन्हाळ्याचं वेळापत्रक पूर्ण यायला वेळ लागतो, मार्चमध्ये बघा. सासूबाईंसाठी आतली क्रमांकाची खुर्ची घ्या, डेकचं तिकीट नको. पिरियसला तासभर आधी पोचा. बंदर फार मोठं आहे आणि प्रवेशद्वारांना ई-१ पासून ई-१२ असे क्रमांक आहेत. तिकिटावर तुमचा क्रमांक बघून टॅक्सीवाल्याला तोच सांगा.

मोकळ्या दुपारी पालेओ फालिरोला "आवेरोफ" ही जुनी युद्धनौका बघा. १९१० मध्ये पाण्यात उतरलेली चिलखती क्रूझर, आता तरतं संग्रहालय आहे. १९४१ मध्ये जर्मनांनी ग्रीस घेतला तेव्हा ती निसटली आणि पुढे मुंबईत तळ ठेवून हिंदी महासागरात ताफ्यांना सोबत करत होती. इंजिनरूमकडे उतरणाऱ्या शिड्या उभ्या आहेत, सासूबाईंना वरच्या डेकवरच बसवा. लेकीला मात्र खाली घेऊन जा.