वाडीत फायबर नाही, एअरफायबर चालेल का?

प्रश्न: रत्नागिरीजवळ कौलारू घर. फायबरची तार इथवर येत नाही. ५जी टॉवर दीड किलोमीटरवर, मधे आंब्याची कलमं. घरून काम करायचं तर एअरफायबर, म्हणजे तारेऐवजी ५जी टॉवरवरून अँटेनाने घेतलेलं घरचं इंटरनेट, पुरेल का?

उत्तर १: मोबाईलच्या कांड्या बघून ठरवू नका. सिग्नलचे आकडे दाखवणारं ॲप घ्या आणि अँटेना लागेल तिथेच मोजा. आरएसआरपी (सिग्नलची ताकद; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) उणे ९० डीबीएम किंवा त्याहून चांगला आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ) १५च्या वर असेल तर खुशाल घ्या. आरएसआरपी उणे १०५च्या खाली गेला तर नकोच. रात्री नऊला स्पीडही तपासा, टॉवरवरची गर्दी तेव्हाच कळते.

उत्तर २: खरी अडचण कलमांची आहे. ५जीचा ३.५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पानांत मुरतो, पावसात पानं भिजली की आणखीच. अँटेना शेंड्यांच्या वर जाईल असा जीआय पाइप उभा करा आणि त्याला अर्थिंग द्या, कोकणात विजा पडतात. अँटेनापासून घरात येणारी नेटवर्क केबल बाहेर वापरायची, कॅट-६ प्रकारचीच हवी. भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. नाहीतर ते कनेक्टरमध्ये उतरतं, पिना हिरव्या पडतात आणि नेट सारखं तुटतं.

उत्तर ३: बाहेरचं युनिट (अँटेना) पीओई ॲडॅप्टरवर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या ॲडॅप्टरवर चालतं. राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस त्याला चालत नाही, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. सीजीनॅटमुळे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी पत्ता वाटला जातो) पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट घरच्या उपकरणाशी जोडणी, सहसा होत नाही, म्हणून कॅमेरे क्लाउडवाले बघा. बऱ्याच प्लॅनना महिना १००० जीबीची मर्यादा असते, तीही आधी विचारा.