मदत हवी आहे: आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी ॲक्युपंक्चर, सुया लावू द्याव्यात का?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. आईचं (वय ६७, शुगर आहे) उजवा गुडघा बदलायचं ऑपरेशन बेळगावात झालं. आज १९ वा दिवस. टाके निघालेत, जखम कोरडी आहे, वॉकर घेऊन सोप्यातून परसदारापर्यंत जाते. दिवस कसा तरी निघतो, रात्र निघत नाही. एक-दीडला गुडघा ठणकायला लागतो. गोळी घेतली की मळमळतं, नाही घेतली की झोप नाही.

फिजिओ एक दिवसाआड घरी येतात. माणूस चांगला, पण कन्नडच बोलतो. आईला कन्नड बाजारापुरतं येतं, आणि कळ आली की तेही जातं. त्यानं ‘मडच्री, मडच्री’ म्हणत पाय वाकवायचा आणि हिनं ‘आई गं’ म्हणून पलंगाची पट्टी धरायची. दोघांना समजणारा एकच शब्द म्हणजे ‘सावकाश’, तो दोन्हीकडे चालतो. सध्या ७० अंशांपर्यंत वाकतो, डॉक्टर ९० म्हणतात.

आता मूळ प्रश्न. शेजारच्या काकूंनी ॲक्युपंक्चरचा सात दिवसांचा वर्ग केलाय. आईवर जीव आहे त्यांचा, ऑपरेशनच्या आठवड्यात आमचा डबा त्यांच्याकडूनच यायचा. त्यांनी शंभर सुयांचा डबा मागवून आणून दिलाय. ०.२५ मिमी जाड, इंचभर लांब, एकेक वेगळ्या पाकिटात. म्हणतात, ‘काय होत नाही की रे, मुंगी चावल्यासारखं वाटतंय. आपल्या सोलापूरच्या कोटणीसांनी आणलेली विद्या हाय ही.’ नडगीच्या बाहेरच्या अंगाला, वाटीखाली चार बोटांवर एक जागा त्यांनी पेनानं खूण करून ठेवलीय. टाक्यांचा व्रण तिथून जेमतेम दोन बोटांवर. आई म्हणते, ‘टोचू दे तिला, पण हे थांबव.’

रक्त पातळ ठेवायची गोळी अजून चालू आहे. डिस्चार्जच्या वेळी विचारायला गेलो, तर ‘कागदावर सगळं लिहिलंय’ एवढंच उत्तर मिळालं. कागदावर सुयांबद्दल काही नाही.

घरी कुणी केलंय का? आणि नको म्हणायचं झालं तर काकूंना वाईट न वाटता कसं सांगू? खरं सांगायचं तर दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे.

सांगलीची फिजिओ:
घरी सुया नकोत. आत कृत्रिम सांधा आहे, शुगर आहे, रक्त पातळ करणारी गोळी आहे. कातडीतून जंतू आत गेले आणि सांध्यावर बसले, तर ते निघता निघत नाहीत, कधी कधी परत ऑपरेशन करावं लागतं. व्रणाजवळची खूण तर आजच पुसा. ॲक्युपंक्चरच खोटं असं मी म्हणत नाही. गुडघा बदललेल्यांना त्यानं जोरकस वेदनाशामकं थोडी उशिरा लागतात, असं २०१७ च्या एका आढाव्यात दिसलं होतं. पण त्या सुया शिकलेल्या हातांनी लावलेल्या होत्या. करायचंच असेल तर सर्जनला विचारून, पदवीधराकडून.

रात्रीसाठी एक विचारते. आई गुडघ्याखाली उशी घेऊन झोपतात का?

धागाकर्ता:
हो. दोन.

सांगलीची फिजिओ:
काढा. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी टाचेखाली घ्या, गुडघा अधांतरी राहू दे. झोपण्याआधी १५ मिनिटं बर्फ, कापडात गुंडाळून. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी मिळेल अशी वेळ बसवा, पण मळमळीचं डॉक्टरांना फोन करून सांगाच, गोळी बदलून मिळते. पोटरी सुजली, एका जागी दुखायला लागली किंवा धाप लागली, तर मात्र फोनवर विचारत बसू नका, गाडी काढा.

निपाणीकर:
काकूंना मनगट द्या! मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (हाताला लागणाऱ्या दोरीसारख्या शिरा, रक्तवाहिन्या नव्हेत) मधे एक बिंदू असतो, पी-६ म्हणतात. तिथं अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं दाबायचं, सुई नाही. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर त्याचा बराच अभ्यास झालाय, कोक्रेन (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) हिच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ चाचण्या घेतल्या होत्या. त्या मुख्यतः भुलीनंतरच्या मळमळीच्या, गोळीच्या नव्हेत, पण दाबून नुकसान काही नाही. काकूंची विद्याही वाया जात नाही.

जाता जाता, कोटणीसांनी आणली नाही हो. ते १९४२ मध्ये चीनमध्येच वारले, आणि ते सर्जन होते. त्यांच्यासोबत चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू नंतर पुन्हा चीनला गेले आणि १९५९ च्या सुमारास ही विद्या शिकून आले. काकूंना आत्ताच सांगू नका पण.

घाटमाथा:
महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, नोंदणीसाठी कौन्सिल आहे. केंद्रानंही २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिलीय. कोल्हापूरकडे जाणार असाल तर नोंदणी विचारून मगच जा. सात दिवसांच्या वर्गावर आपण गाडी तरी शिकतो का?

धागाकर्ता (चार दिवसांनी):
उशीर झाला, पावसात दोन दिवस लाइट नव्हती. बर्फाचं काम शेजारच्या दुकानातल्या गोठवलेल्या मटारच्या पाकिटावर भागवलं.

सर्जनना फोन लागला. सुयांना तीन महिने तरी साफ नकार. गोळी बदलली, मळमळ कमी आहे. उशी टाचेखाली गेल्यावर पहिल्या रात्री आईनं मला चार शिव्या दिल्या. काल तीनपर्यंत झोपली. वाकणं ८२ वर आलंय.

काकूंना मी काही बोललोच नाही. फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांना शेजारी बसवलं. ऐकून गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ‘तीन महिन्यांनी बघू.’ तेव्हापासून रोज रात्री नऊला येतात, आईचं मनगट धरतात आणि दोन-तीन मिनिटांच्या जागी तासभर बसतात. गावातलं सगळं कळतंय आता आम्हाला.

सुयांचा डबा परत घ्यायला मात्र तयार नाहीत. तो कपाटावर ठेवलाय, आईचा हात पोहोचणार नाही अशा जागी.