शाळेतून परवानगीचा कागद आलाय: ओबामांचं भाषण लेकाला वर्गात ऐकू द्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचायलाच येते, लिहिते क्वचित. पण मंगळवारी सकाळी शाळेत एक कागद सही करून द्यायचाय आणि शुक्रवारपासून तो फ्रीजवर तसाच लटकलाय, म्हणून विचारते.

आम्ही डॅलसजवळच्या एका उपनगरात राहतो. लेक पाचवीत आहे. कागदावर लिहिलंय की ८ सप्टेंबर २००९ला, आमच्याकडच्या सकाळच्या ११ वाजता, राष्ट्राध्यक्ष ओबामा व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या वेकफील्ड हायस्कूलमधून देशभरातल्या शाळकरी मुलांशी बोलणार आहेत. आपल्या मुलाने ते पाहावं की नाही ते कळवा. खाली दोन चौकोन. ज्यांचा नकार असेल त्यांच्या मुलांना तेवढा वेळ लायब्ररीत बसवणार. सहलीला, पोहायला नेताना सही मागतात हे ठाऊक होतं. देशाच्या राष्ट्राध्यक्षाचं बोलणं ऐकायला आईची सही लागते, हे पहिल्यांदाच पाहिलं.

मुलांची ने-आण आम्ही दोन घरं मिळून करतो. दुसऱ्या घरची आई शुक्रवारी फाटकाशीच म्हणाली की त्यांनी ‘नाही’वर खूण केलीय. ही बाई भांडखोर नाही हो. गेल्या हिवाळ्यात माझं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवस तिने डबा पाठवला. पंधरवड्यापूर्वी तिचा मुलगा आमच्या गणपतीपुढे मांडी घालून बसला होता, मोदक मागून मागून खात होता. ती एवढंच म्हणाली, “माझ्या मुलाशी राजकारणी माणसाने बोलायचं असेल तर आधी मला विचारावं.” मला पटकन उत्तर सुचलं नाही.

रेडिओवर आठवडाभर हेच चाललंय. फ्लोरिडातल्या रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष जिम ग्रीअर म्हणाले की करदात्यांच्या पैशातून मुलांमध्ये समाजवाद पेरला जातोय. हे मला अजिबात पटत नाही. पण दुसरी एक गोष्ट मलाही खटकली. शिक्षणमंत्री आर्नी डंकन यांनी मुख्याध्यापकांना पत्र पाठवलं, त्याबरोबर वर्गात काय काय करून घ्यावं याच्या सूचना होत्या. त्यात लहान मुलांसाठी एक अशी होती: राष्ट्राध्यक्षांना मदत करण्यासाठी मी काय करू शकतो, याबद्दल स्वतःलाच पत्र लिहा. ओरड झाल्यावर ती बदलली. आता मुलांनी आपापल्या अभ्यासातल्या ध्येयांबद्दल लिहायचंय. बदलली हे चांगलंच झालं. पण मुळात ती लिहिली गेली ना?

मला हे का टोचतं ते सांगते. मी सहावीत असताना आमच्या तालुक्याच्या गावी एक मोठे नेते येणार होते. सकाळी नऊपासून अख्खी शाळा रस्त्याच्या कडेला उभी. हातात कागदी झेंडे, आणि गाडी दिसली की द्यायची घोषणा आदल्या दिवशी पीटीच्या तासाला पाठ करून घेतलेली. दीड वाजता गाड्या आल्या नि धुरळा उडवत गेल्या. काचा वर होत्या. माझ्या शेजारची मुलगी चक्कर येऊन पडली, तिच्या नाकाला कांदा लावला. घामाने माझ्या झेंड्याचा हिरवा रंग तळहाताला लागला होता, तो दोन दिवस गेला नाही. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला त्याच नेत्यावर दहा ओळी लिहायला लावल्या. घरी कुणालाही कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे ‘आधी मला विचारा’ म्हणणाऱ्या आईला मला वेड्यात काढता येत नाही.

आणि हे फक्त ओबामांच्या बाबतीत झालंय असंही नाही. १९८८ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन व्हाइट हाउसमधून शाळकरी मुलांशी बोलले, त्यात करांचा विषयही आला. १९९१ मध्ये थोरले बुश वॉशिंग्टनच्या अ‍ॅलिस डील शाळेतून बोलले तेव्हा डेमोक्रॅट खवळले होते. त्यांचे नेते गेपहार्ट म्हणाले होते की शिक्षण खात्याने राष्ट्राध्यक्षांची जाहिरात करू नये. पुढे त्याची चौकशीही झाली.

माझा कौल ऐकू देण्याकडे आहे. नवऱ्याचं म्हणणं वेगळं: ग्रीन कार्ड अजून अडकलंय, आपल्याला मत नाही, मुकाट्याने ‘हो’ करून विषय संपव. पण या घरात मतदानाचा हक्क पुढे मिळणार तो त्या पोरालाच, तो इथे जन्मलाय. त्याने मला काल विचारलं, “त्याच्या आईला प्रेसिडेंट आवडत नाहीत का? मग ती वाईट आहे का?” इथेच मी अडलेय. मित्राच्या घराबद्दल मनात किंतु न येता हे दहा वर्षांच्या मुलाला मराठीत कसं समजावू? तुमच्यापैकी कुणाच्या शाळेने काय केलंय? कागद न देता सरसकट दाखवणाऱ्या किंवा सरसकट न दाखवणाऱ्या शाळा आहेत का?

सोमवार रात्र, भर घालतेय: सगळ्यांचे आभार. लिंक दिलीत ती वाचली. व्हाइट हाउसने आजच पूर्ण भाषण प्रसिद्ध केलंय. लेकाला जवळ बसवून मराठीत सांगत सांगत वाचलं. इंडोनेशियात असताना आई पहाटे साडेचारला उठवून अभ्यास घ्यायची, तो भाग त्याने दोनदा ऐकला. आमच्या टेक्ससमधल्या रोमा गावच्या एका मुलीची गोष्ट त्यात आहे. शाळेत गेली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं. माझा लेक बालवाडीत गेला तेव्हा त्याला मराठीशिवाय काही येत नव्हतं, पाणी हवं तेही खुणेने मागायचा. ते वाचताना माझा आवाज जड झाला. पक्षाचं, कायद्याचं, मतांचं त्यात काही सापडलं नाही. ‘हो’वर खूण केली. मित्राच्या आईबद्दल ज्या ताईंनी सुचवलं तेच त्याला सांगितलं: तिला तिच्या मुलाची काळजी आहे, मला तुझी आहे, आणि दोघींना वेगवेगळं वाटतंय.

बुधवार: भाषण झालं. वर्गातली सात मुलं लायब्ररीत होती, असं लेक म्हणाला. मित्राने येताना गाडीत त्याला विचारलं, “काय सांगितलं त्यांनी?” गाडी मी चालवत होते. लेकाने सांगितलं, सगळं सांगितलं, आणि मी गप्प राहिले. त्या मुलाच्या आईने नको म्हटलेली गोष्ट माझ्या गाडीत त्याच्या कानावर गेली, हे तिला रात्री फोन करून सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, भाषण तिनेही वाचलंय आणि मुलाला घरी स्वतः दाखवणार आहे.

पण एक नवीन प्रश्न. आमच्या बाजूच्या आर्लिंग्टनच्या, म्हणजे टेक्ससमधल्या आर्लिंग्टनच्या, शाळांनी हे भाषण थेट दाखवलं नाही. आणि तिथल्याच पाचवीच्या मुलांना याच महिन्यात काउबॉइज या फुटबॉल संघाच्या नव्या स्टेडियममध्ये माजी राष्ट्राध्यक्ष धाकटे बुश असलेल्या कार्यक्रमाला नेण्याचा बेत आहे, असं बातम्यांत आलंय. आमचा शाळांचा जिल्हा (स्कूल डिस्ट्रिक्ट) वेगळा आहे, तरी आमच्या मुख्याध्यापिकांना पत्र लिहावंसं वाटतंय की पुढे कोणत्याही पक्षाचा माणूस आला तरी मजकूर आधी घरी पाठवा, नियम सगळ्यांना एकच ठेवा. मैत्रीण सही करायला तयार आहे. शाळेला असं पत्र कुणी लिहिलं आहे का? ते मुख्याध्यापिकांना द्यायचं की थेट स्कूल बोर्डाला? आणि आम्ही नागरिक नाही, याचा उल्लेख करावा का?