पापणीतली गाठ काढताना कितपत दुखतं?

चाफेकळी:
उजव्या वरच्या पापणीत अडीच महिन्यांपासून गाठ आहे, ज्वारीएवढी होती ती आता हरभऱ्याएवढी झालीय. आधी रांजणवाडी समजून आईने खजुराची बी उगाळून लावली, मग डॉक्टरांनी कॅलेझियन (पापणीतली तेलाची ग्रंथी तुंबून होणारी गाठ) सांगितलं, थेंब झाले, मलम झालं. दुखत नाही पण सारखं खुपतं आणि त्या डोळ्याने जरा धुरकट दिसतं. आता चीर देऊन काढू म्हणतात. पापणीत सुई या विचारानेच पोटात गोळा येतो. कुणी केलंय का? खरं सांगा.

निळाई:
मी केलंय. खोटं कशाला सांगू, भुलीचं इंजेक्शन दुखतं. आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात तरी पापणीत औषध भरताना चांगलीच आग होते, मी नर्सचा हात घट्ट धरला होता. नंतर मात्र दुखलं नाही, नुसतं दाबल्या-ओढल्यासारखं वाटतं. गोल चिमटा लावून पापणी उलटी करतात आणि आतून कापून खरवडतात, त्यामुळे टाके नाहीत, बाहेर व्रण नाही. 15 मिनिटांत मोकळी. रात्री थोडा ठणका होता, दुसऱ्या दिवशी पापणी टम्म आणि काळीनिळी, आठवड्याने उतरली. येताना डोळ्याला पट्टी असते, कुणाला तरी सोबत न्या.

वाटसरू:
धुरकट दिसतं ते गाठ बुबुळावर दाबते म्हणून असू शकतं, डॉक्टरांना सांगितलंय ना? आणि शेक कसा दिला? रुमाल मिनिटभरात गार होतो, तो परत परत गरम करून 10 मिनिटं, दिवसातून 3-4 वेळा द्यायचा आणि मग पापणीच्या केसांच्या कडेकडे हलकं चोळायचं, तेव्हा आतलं घट्ट झालेलं तेल सुटतं. स्टिरॉइडचं इंजेक्शनही असतं पण आपल्या सावळ्या कातडीवर कधी कधी पांढरट डाग पडतो, ते विचारून घ्या.

माईची_लेक:
एक कळकळीने सांगते. माझ्या आईला त्याच जागी तिसऱ्यांदा गाठ आली आणि पापणीचे केसही गळायला लागले तेव्हा डॉक्टरांनी काढलेला तुकडा तपासायला पाठवला, क्वचित तो कॅन्सर असतो. आईचं सगळं ठीक निघालं पण ते 8 दिवस घशाखाली घास उतरला नाही. तुमची पहिलीच आहे, घाबरू नका, पण परत आली तर तपासणी करायला सांगाच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा.

चाफेकळी:
शेक मी दिवसातून एकदाच देत होते, तोही घाईघाईत. 2 आठवडे नीट करून बघू का असं डॉक्टरांना उद्याच विचारते, नाही म्हणाले तर शुक्रवारी काढून टाकते. बहीण येतेय सोबत.