सीईटीसाठी मुलाला लातूरला पाठवू की देवगडातच ठेवू?

देवगडचा बागायतदार
नमस्कार मंडळी. मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुप. गणित बरं आहे, अकरावी मात्र जेमतेम झाली. इंजिनीअरिंग करायचं म्हणतो, म्हणजे सीईटी, ही राज्याची प्रवेश परीक्षा, द्यावी लागणार. रत्नागिरी, लोणेरे, कोल्हापूर, कुठेही लागलं तरी चालेल. वाडीतली दोन मुलं लातूरला क्लासला गेली, तेव्हापासून घरात एकच विषय: आपण पण पाठवूया. फी, खोली, खानावळ धरली तर कलमांचं अर्धं उत्पन्न त्यातच जाईल. पोराचं भलं होणार असेल तर तेही करीन. पण इथे पावसात लाईट नाही, रेंज नाही आणि परीक्षा येते ऐन आंब्यात. घरी राहून कोणी केलंय का?

मालवणकर, सध्या पुणे
पाठवा. गावात चार हुशार मुलं एकत्र बसून अभ्यास करतायत असं वातावरण मिळत नाही. स्पर्धा शेजारच्या बाकावर दिसली की पोरं आपोआप बसतात.

राजापूरच्या बाई
दादा, मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते. जुलै उजाडलाय, आता मुलाला हलवू नका असंच सांगेन. नवी खोली, नवी खानावळ, नवे शिक्षक यात रुळेपर्यंत गणपती येतात आणि बारावीचा पाया रचायचे महिने निघून जातात. वातावरणाचं म्हणणं खरं आहे, पण ते दोन-तीन मित्रांनी रोज संध्याकाळी एकत्र बसूनही तयार होतं.

आधी पेपर नीट समजून घ्या. फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. मॅथ्सचे ५०, प्रत्येकी २ मार्क. म्हणजे २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे. फिजिक्स-केमिस्ट्रीला मिळून ९० मिनिटं. ती संपली की तो भाग बंद होतो आणि गणिताची ९० मिनिटं सुरू होतात. तिकडे एका प्रश्नाला ५४ सेकंद, इकडे १०८. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. अभ्यासक्रम स्टेट बोर्डाचाच, साधारण ८० टक्के बारावी आणि २० टक्के अकरावीचे ठरावीक धडे. तुमच्या घरात असलेली बालभारतीची पुस्तकं हाच खरा माल आहे. ती ओळ न ओळ वाचलेला मुलगा केमिस्ट्रीत अडत नाही.

गणितात बोर्डाची सवय आणि सीईटीची सवय वेगळी लावावी लागते. बोर्डात इंटिग्रेशन पायरी पायरीने लिहावं लागतं. सीईटीत चार उत्तरं समोर असतात, मग उलट जायचं: पर्यायाचं डेरिव्हेटिव्ह काढायचं. समजा 'एक्स गुणिले ई चा एक्सवा घात' याचं इंटिग्रेशन विचारलंय आणि एक पर्याय आहे '(एक्स वजा १) गुणिले ई चा एक्सवा घात'. त्याचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की ई चा एक्सवा घात एकदा अधिक, एकदा वजा येतो, तो कटतो आणि प्रश्नातलं फंक्शन जसंच्या तसं उरतं. अर्ध्या मिनिटात काम झालं. ट्रिगोनोमेट्रीत थीटाच्या जागी ३० अंश घालून बघायचं. दोन पर्याय सारखे आले तर दुसरी किंमत घ्यायची. पण या युक्त्या पद्धत पक्की येणाऱ्यालाच उपयोगी पडतात, म्हणून दिवाळीपर्यंत पद्धतच घोटवून घ्या. कॅल्क्युलेटर चालत नाही. दोनचं वर्गमूळ १.४१, पायचा वर्ग जवळपास १० हे तोंडावर हवं.

परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि आपल्याकडची मुलं मोबाईलवर वाढलेली. गावातल्या एमएससीआयटीच्या क्लासवाल्यांना विचारा, रविवारी सकाळी तीन तास एक मशीन देतात का. जानेवारीपासून पूर्ण पेपर तिथेच, माऊस हातात धरून, मध्ये न उठता सोडवू दे.

देवगडचा बागायतदार
बाई, मनापासून आभार. अकरावी कच्ची आहे तिचं काय करू? आणि एप्रिलमध्ये आमच्याकडे पेट्या भरायला माणूस मिळत नाही, तेव्हा तो लागतोच.

राजापूरच्या बाई
अकरावीचं सगळं पुस्तक नको. गणितात सरळ रेषा, वर्तुळ, ट्रिगोनोमेट्री, कॉम्प्लेक्स नंबर, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, लिमिट हे आधी धरा. फिजिक्समध्ये गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, ऑप्टिक्स, सेमीकंडक्टर. पक्की यादी ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मिळते, तीच छापून भिंतीला लावा. हे गणपतीपर्यंत उरकायचं. रेंज येईल तेव्हा पुस्तकांच्या आणि जुन्या प्रश्नांच्या पीडीएफ उतरवून ठेवा, मग लाईट गेली तरी वही-पेन चालू राहतं.

शिमग्याला पालखी दारात येईल त्या दिवशी त्याला खुशाल नाचू दे. पण बोर्ड संपल्यापासून सीईटीपर्यंत त्याला बागेत नेऊ नका. पेट्या भरायला एक माणूस चार पैसे जास्त देऊन घ्या. लातूरच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

कुडाळहून एक पालक
बाईंनी सांगितलं तसंच आम्ही केलं, मुलगी घरी राहून इंजिनीअरिंगला लागली. एक भर घालते. निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो, म्हणजे शंभरातली किती मुलं आपल्या मागे किंवा बरोबरीने आहेत ते. पेपर वेगवेगळ्या सत्रांत होतात, म्हणून त्या त्या सत्रातल्या मुलांशीच तुलना होते. ९० पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १८० मार्क असं समजून घाबरू नका किंवा खूशही होऊ नका. आणि कागदपत्रं आताच करा. डोमिसाइल, आरक्षण असेल तर जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर. कॅप राऊंड (प्रवेशाच्या फेऱ्या) सुरू झाल्यावर तहसीलला रांगा लागतात आणि आमचा पडताळणीचा कागद यायला फार उशीर झाला होता. आधार, दहावीचं मार्कशीट आणि फॉर्ममधलं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का तेही या आठवड्यात बघून घ्या.