नागपूरच्या नाताळात बर्फ काहून?

धरमपेठची मावशी
परवा इथे कुणीतरी मुलांसाठी नाताळची जादूची गोष्ट टाकली. भावा-बहिणीला चर्चमागे चांदीची घंटा सापडते, पण ती दोघांत मिळून इच्छा एकच पुरवते. बहिणीला सायकल हवी असते, ती मात्र तापाने फणफणलेल्या भावासाठी इच्छा देऊन टाकते. मग खिडकीबाहेर बर्फ पडतो. आणि हे राहतात कुठे? आपल्या नागपूरच्या सदरमध्ये! डिसेंबरात आपण शेकोट्या पेटवतो हे खरं, पण बर्फ? एवढी उसनवारी कशाला? आपला तान्हा पोळा आहे ना. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार जातात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात. त्यात जादू नाही?

सदरवाला
बर्फाचं मान्य. पण मावशी, "आपला" म्हणजे कोणाचा? इथलं मिशनचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं आहे. ‘बालबोधमेवा’ मासिक मिशनवाल्यांनी मराठी मुलांसाठी १९ व्या शतकातच काढलं, पुढे रेव्हरंड टिळकांनी त्याचं संपादन केलं. आमच्या ख्रिस्ती घरात नाताळला करंज्या तळतात आणि येशूजन्माच्या देखाव्यात गव्हाणीत जो बैल बसतो, तो तान्ह्या पोळ्याचाच आहे, चाकं काढलेला. आता हा उसना कोणी कोणाकडून घेतला, सांगा.

थोरली
बर्फ गेला खड्ड्यात. सायकल बहिणीनेच काहून सोडायची? दहावीनंतर सायकल घेऊ, असं बाबा म्हणाले होते. त्याच वर्षी धाकट्याच्या ट्यूशनची फी निघाली. "तू समजदार आहेस," झालं. कॉलेजला ऑटोत कोंबून गेले मी. हा आता कारमधून फिरतो आणि राखीला पाचशेची नोट देतो.

धाकटा पण शहाणा
ताई, थोरल्यांचं रडगाणं पुरे. मी सातवीपर्यंत बहिणीचा उतरलेला स्वेटर घातला. गुलाबी, खिशावर बदक! वर्गात पोरं "क्वॅक क्वॅक" करायची. आमच्या इच्छेवर कोण गोष्ट लिहितं?

थोरली
स्वेटर मिळाला ना अंगावर? मग गप बसा.

धाकटा पण शहाणा
"गप बसा" तुमच्या भावाला सांगा. इथे नाही.

घंटावाला
गोष्ट माझी आहे, तेव्हा बोलतो. भाऊ तापात आणि बहिणीने सायकल मागितली असती, तर इथेच तिला स्वार्थी म्हणून सोललं असतं. बर्फ माझ्या पोरीने घालायला लावला. तिला तोच आवडतो.

थोरली
मग पुढच्या वेळी ताप बहिणीला येऊ द्या आणि बॅट भावाला सोडू द्या. जमेल?

धरमपेठची मावशी
मुद्दा बर्फाचा होता, हे लोकं कुठे जाऊन राहिले! सदरवाले, तो बिनचाकाचा बैल गोष्टीत आला तर माझी हरकत नाही. कौतुक म्हणून नका घेऊ, बर्फापेक्षा बरा, एवढंच.

घंटावाला
बरं बाप्पा, बर्फ काढतो, बैल घालतो. पोरीची समजूत तुम्हीच काढायला या. भावाचा ताप मात्र राहील.

थोरली
राहू द्या. त्याला क्रोसिन द्या, तिला सायकल.