विंडोज ११ घेत नाही म्हणून चांगलं मशीन भंगारात?

बर्डीकर: काल इथे एका भाऊने लिहिलं, 'विंडोज ११ साठी लागणारी ४ जीबी रॅम अन् ६४ जीबी डिस्क ज्याच्याकडे नाही त्याने रडू नये, मशीन भंगारवाल्याला द्यावं.' अरे राजा, रॅमवर अडलं कोणाचं? माझ्या सातव्या पिढीच्या इंटेल आय७-७७०० प्रोसेसरवाल्या कॉम्प्युटरला १६ जीबी आहे. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) पीटीटी, म्हणजे इंटेलचं आतलंच टीपीएम, चालू केलं की टीपीएम २.० (चाव्या जपणारी सुरक्षा चिप) दिसते, सिक्युअर बूट (खात्रीचीच सिस्टीम चालू होऊ देणारी सोय) पण आहे. तरी म्हणे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, इंटेलची आठवी पिढी पाहिजे. अन् दोन कोरचा सेलेरॉन एन४००० यादीत! तो चालू होईस्तोवर चहा पिऊन होते. ही सुरक्षा की दुकानदारी?

धरमपेठ_अकाउंट्स: असेल दुकानदारी. पण माझ्याकडे लोकांचे पॅन, आधार, बँकेचे कागद आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. डिस्क चोरीला गेली तर? बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) लावलं की चावी टीपीएममध्ये राहते, डिस्क दुसऱ्या मशीनला लावून वाचता येत नाही. तुमच्या गेमिंगपेक्षा मला ते महत्त्वाचं.

बर्डीकर: गेमिंग कोण करून राहिलं मॅडम? टॅली, हिशोबाचं सॉफ्टवेअर, चालवतो मी. अन् टीपीएम आहे म्हणून वर लिहिलं, वाचत तरी जा.

भर_उन्हाळा: वाद कशाला? नागपुरात मशीन इतकी वर्षं टिकतेच कुठं. कूलरच्या ओलीने माझा मदरबोर्ड गंजला.

जुना_हार्डवेअरवाला: कूलरला दोष देऊ नका. मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की गंज धरायला ओल उरतेच कुठं? घोळ जुलैत होतो, पाऊस लागला तरी लोक पंप बंद करत नाहीत. अन् दुकानात येणारी बहुतेक मशीनं धुळीने मेलेली असतात. हीटसिंकवर, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांवर, गादी जमते गादी!

भर_उन्हाळा: बोअरच्या पाण्याचे थेंब उडतात त्याचं काय? बोर्डावर पांढरे डाग मी डोळ्याने पाहिले. तुम्ही दुकानदार, एसीच घ्या म्हणाल.

जुना_हार्डवेअरवाला: एसी कोण विकून राहिलं बाप्पा! खसवर पाणी जास्त सोडलं की थेंब उडतात. पाणी कमी करा, अन् कूलरचं तोंड कॅबिनेटवर काहून ठेवता?

मिंटवाला: विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका, विषय संपला.

बर्डीकर: मिंटवर माझी टॅली चालवून दाखव, समोसे माझ्याकडून.

धरमपेठ_अकाउंट्स: धागा विंडोजचा आहे ना? सातव्या पिढीला वगळणं मलाही पटत नाही, झालं समाधान? पण रूफस (पेनड्राइव्हवर विंडोज चढवायचं साधन) वापरून ही तपासणी चुकवून अकरा टाकू नका, पुढच्या अपडेटची हमी नाही. विंडोज १० च्या घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ईएसयू, म्हणजे जादा मुदतीचे सुरक्षा अपडेट, मिळतं, मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटिंग सिंक केलं तर फुकट.

बर्डीकर: उपकार झाले. म्हणजे सपोर्ट संपल्यावरही याच प्रोसेसरच्या मशीनला वर्षभर पॅच देता येतात. मग आताच म्हातारा कसा झाला तो?

भर_उन्हाळा: ते होईल तेव्हा होईल, बोर्डावरचे डाग कशाने पुसू ते सांगा कोणी.